हृदयाच्या वॉल्व्हचं ऑपरेशन, आणि पहिले डॉक्टर रागावले का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला सारखाच येतो, कधी शिवणक्लासातल्या मुलीच्या आईकडून, कधी लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बाईकडून. "ताई, ऑपरेशनच्या आधी तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलंत, मग पहिले डॉक्टर रागावले नाहीत का ओ?" आणि त्याच्या पाठोपाठ जरा हळू आवाजात, "मग ऑपरेशन टळलं ना?"

नाही टळलं. आधीच सांगते, उगाच गैरसमज नको. छातीच्या मधोमध वीतभर व्रण आहे, ब्लाउजचा गळा आता मी स्वतःच बंद शिवते.

माझं वय तेव्हा ५१. जिना चढताना धाप लागायची, मी म्हणायचे वजन वाढलंय, पाळी जायचं वय आहे, दिवसभर मशीनवर बसून दम राहिला नाही, काहीही कारणं. मग रात्री झोपताना दोन उशा लागायला लागल्या, एक दिवस तीन लागल्या तेव्हा आमचे हे मला ओढतच घेऊन गेले. फॅमिली डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि एवढंच म्हणाले, इको करून घ्या. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यात निघालं की मायट्रल वॉल्व्ह जोरात लीक आहे. हा वॉल्व्ह म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधला दोन पाकळ्यांचा दरवाजा, पाकळ्यांना खालून बारीक दोऱ्या असतात, पॅराशूटला असतात तशा, त्यातली माझी मागच्या पाकळीची दोरी तुटली होती, त्यामुळे पाकळी उलटी वर फडफडत होती आणि जे रक्त पुढे जायचं त्यातलं बरंचसं परत मागे, फुफ्फुसाच्या दिशेला.

जिल्ह्यातल्या ज्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं तिथले डॉक्टर माणूस म्हणून चांगले, नीट बोलले, फक्त घाईत होते. वॉल्व्ह बदलावा लागेल, मेटलचा टाकू, तो झिजत नाही, रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यायची, पुढच्या आठवड्यात बेड आहे. दहा मिनिटं. मी हो म्हणून बाहेर आले आणि रिक्षात बसल्यावर ह्यांना म्हणलं, अहो साडीला फॉल लावायचा तरी बायका चार ठिकाणी भाव विचारतात, आणि मी छाती उघडायला दहा मिनिटांत हो म्हणून आले.

घरी तर काय, सगळेच डॉक्टर. धाकट्या दिरांनी रिपोर्ट वाचला, त्यात ईएफ ५८ होतं, ईएफ म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा. त्यांनी मोबाइलवर बघितलं की ५५ च्या वर नॉर्मल, झालं, "वहिनी, हे लोक पैशासाठी घाबरवतात, तुम्ही सहा महिने थांबा, काढा घ्या." मला ते इतकं गोड वाटलं म्हणून सांगू. थांबा म्हणणारा माणूस त्या वेळी देवासारखा दिसतो.

भावाच्या ओळखीने पुण्यातल्या एका हार्ट सर्जनची वेळ मिळाली. रिपोर्टची झेरॉक्स पिशवीत घालून आम्ही निघणारच होतो तर त्यांच्या असिस्टंटचा फोन, नुसता कागद आणू नका, इकोचे व्हिडिओ आणा, सीडी किंवा पेनड्राइव्हमध्ये. हे नीट लक्षात ठेवा, कारण मला विचारणाऱ्यांपैकी निम्मे लोक फक्त कागद घेऊन जातात आणि कागदावर पहिल्या डॉक्टरांनी जे बघितलं तेच लिहिलेलं असतं, मग दुसऱ्याने नवीन काय बघायचं. पाकळी कुठे फाकते, कशी हलते, ते हलत्या चित्रातच दिसतं. पहिल्या हॉस्पिटलच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला सीडी देत नाही आम्ही. आता माझा भाचा वकिलीला आहे, त्याने शिकवून ठेवलं होतं, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. मी भांडले नाही, साध्या कागदावर अर्ज लिहिला, खाली सही, पोच घेतली. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह तयार.

पुण्याच्या डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलंच नाही, व्हिडिओच बघत बसले, पुढे मागे करून. मग अजून एक इको करायला लावला, घशातून नळी घालून करतात तो, त्यात मायट्रल वॉल्व्ह फार स्पष्ट दिसतो कारण अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीला लागून असते. त्रास होतो थोडा, खोटं कशाला बोलू, पण झोपेचं औषध देतात.

संध्याकाळी आम्हाला बसवून सांगितलं. पहिलं म्हणजे थांबायचं नाही. मी ५८ चं विचारलं तर म्हणाले, लीक असलेल्या हृदयात हा आकडा फसवा असतो, कारण रक्त मागच्या दाराने सहज सुटतं, हृदयाला जोर लावावाच लागत नाही, त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो, म्हणून अशा लीकमध्ये ६० च्या खाली गेलं की स्नायू थकायला लागला असं धरतात. दिरांचा काढा तिथेच संपला. म्हणजे पहिल्या डॉक्टरांचं ऑपरेशन कराच हे शंभर टक्के बरोबर होतं, हे मी सगळ्यांना मुद्दाम सांगते.

दुसरं म्हणजे, वॉल्व्ह बदलायची गरज दिसत नाही, हाच दुरुस्त होईल. मागच्या पाकळीचा मधला भाग बिघडलाय आणि दुरुस्तीला ती सगळ्यात सोयीची जागा. मी न राहवून विचारलं, "म्हणजे रफू?" ते हसले, "रफू नाही, आल्टरेशन. जास्तीचं कापड काढायचं, टीप मारायची, तुटलेल्या दोरीच्या जागी गोअरटेक्सचा दोरा, आणि कडेने रिंग, की परत सैल पडायला नको." मला एकदम सगळं कळलं. हे काही नवीन फॅडही नाही, पॅरिसच्या कार्पेंतिए नावाच्या सर्जनने १९८३ सालीच यावर सविस्तर लिहून ठेवलंय.

आता यात एवढा फरक काय पडतो, तर बघा, मेटलचा वॉल्व्ह म्हणजे त्यावर गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅसिट्रॉमसारखी गोळी कायमची, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा, त्यासाठी सारखं रक्त तपासायचं, कमी झाला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव, आणि माझा धंदा सुई-कात्रीचा. प्राण्याच्या टिश्यूचा टाकला तर गोळी थोडे दिवस, पण तो साधारण १०-१५ वर्षांत झिजतो, मग पासष्टीत परत छाती उघडा. आपलाच वॉल्व्ह राहिला तर माझ्यासारखीला तीन महिने गोळी आणि सुटका.

पण माझं ऐकून रिपेअरचाच हट्ट धरू नका हं. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याने वॉल्व्ह जाड होऊन चिकटलेला, चुना साठलेला, त्यांना दोन्ही डॉक्टरांनी बदलायलाच सांगितलं आणि ते बरोबरच होतं. असा वॉल्व्ह अरुंद असेल आणि अजून मऊ असेल तर कधीकधी मांडीतून फुगा नेऊन उघडतात, ते त्या त्या इकोवर ठरतं.

मी पुण्याच्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले, तुम्हीही विचारा, लाजू नका. तुम्ही स्वतः वर्षाला अशा किती दुरुस्त्या करता? आणि टेबलावर जमलं नाही तर मला कुठला वॉल्व्ह घालाल? त्यांनी आकडा सांगितला, आणि जमलं नाही तर काय ते माझ्याशी बोलून फॉर्मवर लिहून घेतलं. पैशाचं काय ते तिथल्या योजनेच्या खिडकीवर बघा, महात्मा फुले योजनेत वॉल्व्हची ऑपरेशनं आहेत, पण ते हॉस्पिटल योजनेत आहे का हे आधी विचारायचं. हो, आणि दात. दातात पू, कीड काही असेल तर आधी डेंटिस्ट, तिथले जंतू रक्तातून वॉल्व्हवर जाऊन बसतात.

एक मात्र आहे, मत घ्यायला किती दिवस घालवायचे यालाही हद्द पाहिजे. माझ्या आतेभावाचा अ‍ॅऑर्टिक वॉल्व्ह, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथला दरवाजा, अरुंद झालेला, दोनदा चक्कर येऊन पडला, तरी आठ महिने पोरं पॅकेजची तुलना करत फिरली, पाचव्या डॉक्टरची अपॉइंटमेंट हातात असतानाच गेला तो. चारही जणांनी एकच सांगितलं होतं. माझं सगळं अकरा दिवसांत झालं.

तर रागावले का. पुण्याहून आल्यावर मी स्वतः पहिल्या डॉक्टरांना फोन केला, हात थरथरत होते. ते म्हणाले, "चांगलंय की. आमच्याकडे रिपेअर फारसं होत नाही, तिकडेच करा." राग नाही, काही नाही. उलट मलाच राग आला, की हे मला त्या दहा मिनिटांत का नाही सांगितलंत? अजूनही येतो कधीकधी. खोटं काही बोलले नाहीत ते, ज्याला ब्लाउजच शिवता येतो तो ब्लाउजच शिवून देणार, पण पंजाबी ड्रेस पलीकडच्या दुकानात शिवतात एवढं सांगायला काय जातं.

ऑपरेशन झालं, दुरुस्ती जमली, खोकताना उशी छातीशी धरायची, दोन महिने वजन उचलायचं नाही, मशीनला हात नाही, हे सगळं केलं. दर वर्षी इको असतो, किंचित लीक आहे अजून, तेवढं चालतं म्हणतात. पुणे दर वेळी परवडत नाही म्हणून तपासायला मी त्याच पहिल्या डॉक्टरांकडे जाते. गेल्या खेपेला त्यांनी नळी लावून ऐकलं, परत ऐकलं, मग पुण्याच्या सर्जनचा नंबर मागून घेतला आणि माझ्यासमोर डायरीत लिहिला.