चर्चच्या तळघरातली मुरड

न्यू जर्सीतल्या एडिसनहून अडीच तास गाडी हाकत पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यात गेलो आणि जे जे बघायचं ठरवलं होतं ते ते तिथे नव्हतंच. सेंट निकोलस ब्रेकर, कोळसा फोडून चाळायचा कारखाना, जगातला सगळ्यात मोठा म्हणायचे त्याला, तो 2018 मध्येच पाडून टाकलाय. सेंट्रालिया गावाच्या पोटात 1962 पासून कोळसा जळतोय, तिथला रंगवलेला हायवे मुलाला बघायचा होता, तर 2020 मध्ये ट्रकच्या ट्रक माती टाकून तोही बुजवला. धूरसुद्धा दिसला नाही. नवरा म्हणाला, एनए प्लॉटचा लेआउट दाखवायला एवढं लांब आणलंस का? आणि दिसतंही अगदी तसंच, रस्ते आहेत, घरं नाहीत. सरकारने 4.2 कोटी डॉलर काढून लोकांना तिथून उठवलं. टेकडीवर निळ्या घुमटांचं 1911 चं युक्रेनियन चर्च तेवढं राहिलंय, त्याच्याखाली कोळसा नाही, पक्का खडक लागला म्हणून वाचलं, आणि रविवारी अजून प्रार्थना होते. आम्ही गेलो शुक्रवारी. कुलूप.

अ‍ॅशलँडची माईन टूर केली. बरी आहे, उन्हाळ्यातही जॅकेट न्या.

मग शेनंडोआ. 1910 च्या सुमारास इथे 25 हजारांवर लोक राहायचे, आता 4 हजारांच्या आसपास. लिथुआनियन, पोलिश, युक्रेनियन, आयरिश, सगळे खाणीत खाली एकत्र आणि वर आले की प्रत्येकाचं चर्च वेगळं. लिथुआनियन लोकांचं सेंट जॉर्ज 2010 मध्ये पाडलं. दुकानांवर आता स्पॅनिश पाट्या दिसतात. पोरगा भुकेने किरकिर करत होता, एका चर्चच्या दाराला 'पिरोगी' असा हाताने लिहिलेला कागद दिसला म्हणून तळघरात उतरलो. खाली पाच-सहा आज्या, लांब टेबल, पिठाच्या लाट्या, उकडलेल्या बटाट्याचा आणि चीजचा वास. ऑर्डर आधी द्यायला लागते म्हणे. हे त्या कागदावर लिहायला काय झालं होतं?

पण हात बघत उभी राहिले. वाटीने कापलेली गोल पारी, मध्ये सारणाचा गोळा, दुमडायची आणि अंगठ्याने कडा चेपत जायची. करंजीच की ही! न राहवून म्हटलं, आमच्याकडे कडेला मुरड घालतात. एका आजींनी पारी पुढे सरकवली, घाल म्हणे. पीठ करंजीच्या पिठापेक्षा मऊ, पहिली उलगडली, दुसरी जमली. ती बघून त्यांनी टेबलभर फिरवली, सगळ्या हसायला लागल्या.

मग कुठली तू वगैरे. मी म्हटलं, भारतात चंद्रपूरजवळ घुग्घुस नावाचं गाव आहे, तिथे कोळशाच्या खदानी आहेत, माझे बाबा खदानीतच होते. आजींचे हात थांबले. त्यांनी पगार नाही विचारला, खाण किती खोल तेही नाही. छातीवर हात ठेवून विचारलं, "फुप्फुसं?" त्यांचे वडील शेवटी बसूनच झोपायचे म्हणाल्या, आडवं पडलं की श्वास लागायचा.

आता खरं सांगते. माझे बाबा अकाउंट्सला होते. पंख्याखाली बसून आयुष्यभर पगारपत्रकं केली, खदान ओपनकास्ट, तीही ते कधीमधीच बघायला जायचे. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मी नुसतं "ठीक आहेत" म्हटलं आणि त्यांनी बटरमध्ये परतलेला कांदा घालून डझनभर पिरोगी फॉइलच्या ट्रेमध्ये भरल्या. पैसे द्यायला लागले तर हात मागे केला. खाणवाल्याची पोर ना.

गाडीतच बसून खाल्ल्या. नवऱ्याला हिरवी मिरची हवी होती, मुलाने चार संपवल्या, माझ्या घशाखाली काही नीट उतरेना.

रात्री बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं पण देणगीपेटी असेल की तिथे, त्यात तरी टाकायचेस!"