फेरफार न झालेली विंडोज

जून म्हणजे सेवा केंद्रवाल्यांची सुगी. २०२५ साली दहावी-बारावीचे निकाल मे महिन्यातच लागले होते, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर हे सगळं सगळ्यांना एकदमच हवं होतं. अशा एका सोमवारी सकाळी साडेनऊला ताईंचा फोन आला. इंदापूर-बारामती रस्त्यावरच्या एका गावात त्यांचं केंद्र आहे.

"दादा, कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलंय."

"वाचा बरं."

"रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस... आणि बाहेर वीसेक माणसं बसलीत."

मी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं अर्धं उघडलेलं शटर परत खाली ओढलं. नऊ दिवसांपूर्वी हेच मशीन माझ्या टेबलावर होतं. ऑक्टोबरात विंडोज १०चे अपडेट बंद होणार, म्हणून ताईंनी नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकून विंडोज ११ करून घेतलं होतं. आठव्या पिढीचा आय३, त्यामुळे अडचण काहीच नव्हती. जुन्या १ टीबीच्या हार्ड डिस्कवरची विंडोज पुसली आणि स्कॅन ठेवायला ती तशीच जोडून दिली. मशीन पंधरा सेकंदांत चालू व्हायला लागलं, ताई खूश, मीही खूश.

आदल्या दिवशी रविवारी मात्र ती जुनी डिस्क टक-टक करायला लागली होती. फोनवर मी अगदी ठामपणे सांगितलं होतं, "बंद करा, तिच्या दोन्ही केबल काढून टाका. विंडोज नव्या डिस्कवर आहे, काही होत नाही." ताईंच्या मुलाने सांगितल्याप्रमाणे केबल काढल्या. बरोबर त्याच काढल्या होत्या, मी जाऊन पाहिलं.

आता हे कबूल करायला हरकत नाही की पहिला पाऊण तास मी सगळा दोष एसएसडीवर टाकला. केबल बदलली, पोर्ट बदलला, रॅम काढून पुसून परत बसवली. रॅमचा इथे काहीएक संबंध नव्हता, पण वीस जण बघत असताना हात रिकामे ठेवायचे कसे? बांधावरून थेट आलेले एक आजोबा म्हणाले, "पोरा, आमच्या मोटारीचंबी असंच. आधी स्टार्टर बघ." सगळे हसले. पण पुढे जे निघालं ते पाहता आजोबा फार चुकले नव्हते.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, गेलो. एसएसडीचं नाव व्यवस्थित दिसत होतं. म्हणजे डिस्क जिवंत. मग बूटची यादी उघडली आणि तिथे नजर अडकली: 'विंडोज बूट मॅनेजर' ही ओळच नव्हती. यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीवर, बसवलेल्या विंडोजची ही ओळ तिथे असतेच. डिस्क आहे आणि ओळ नाही, याचा अर्थ विंडोज चालू करणाऱ्या बूट फायली बहुधा या डिस्कवर नाहीत.

खात्रीसाठी पेन ड्राइव्हवरून विंडोजचा सेटअप सुरू केला, शिफ्ट आणि एफ१० दाबून आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि डिस्कपार्ट या डिस्कचे भाग दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये एसएसडीचे भाग पाहिले. विंडोजचा मोठा भाग होता, रिकव्हरीचा होता, १६ एमबीचा रिझर्व्ह होता. बूट फायली ठेवणारा 'सिस्टीम' नावाचा तो १०० एमबीचा लहानसा तुकडा नव्हता. सेटअप चालताना दुसऱ्या डिस्कवर असा तुकडा आधीच असला, तर विंडोज बऱ्याचदा नवा बनवत नाही, त्यातच आपल्या बूट फायली टाकते. तो एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, म्हणून मी जुनी विंडोज पुसली तेव्हा तो तसाच राहिला. नऊ दिवस मशीन चालू होत होतं ते त्या मरायला टेकलेल्या डिस्कच्या जोरावर.

नवीन पोरांना मी स्वतः शिकवतो: विंडोज टाकताना बाकीच्या डिस्क आधी सोडवा. त्या शनिवारी दुकान बंद करायची घाई होती, बस्स.

जुनी डिस्क परत लावून पाहिली. दोनदा टक-टक झाली, बायोसमध्ये नावही उमटलं नाही. तो रस्ता बंद.

मग एसएसडीवरच जागा केली. मोठा भाग ३०० एमबीने आकसवला, मोकळ्या जागेत ईएफआयचा, म्हणजे तोच 'सिस्टीम'चा, नवा भाग बनवला, फॅट३२ने फॉरमॅट करून त्याला एस हे अक्षर दिलं. पेन ड्राइव्हवरून चालू केल्यावर अक्षरं इकडची तिकडे होतात, म्हणून विंडोजचा फोल्डर खरंच सी-वर आहे का ते आधी पाहून घेतलं. तो डी-वर निघाला. न बघता आज्ञा दिली असती तर आणखी दहा मिनिटं गेली असती. शेवटी बीसीडीबूट, म्हणजे बूट फायली नव्याने टाकणारी आज्ञा. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' एवढी एक ओळ आली. पेन ड्राइव्ह काढला, मशीन चालू केलं, आणि ताईंच्या नातवाच्या फोटोचा डेस्कटॉप समोर आला. सव्वाअकरा वाजले होते.

"झालं काय होतं नक्की?" ताईंनी विचारलं. मी बूट फायली, दोन डिस्क, वगैरे सांगायला लागलो. त्यांनी मधेच थांबवलं. "म्हणजे जमीन घेतली, राहायला पण गेलो, पण फेरफारच झाला नाही. सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचंच."

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

"आणि फेरफार कुणी करायचा राहिला?"

"मी," म्हटलं.

"मग चहा तुमच्याकडून," म्हणत त्यांनी पुढच्या मुलीची फाइल ओढली. मुलीने अंगठा ठेवला, तर अंगठ्याचं मशीन कॉम्प्युटरला दिसेना. मागे वाकून पाहिलं. मघाशी केबल बदलताना त्याची पिन मीच सैल केली होती.