ट्यूक्सबरीच्या लढाईत उभं राहण्याआधी

ट्यूक्सबरीच्या लढाईत उतरायचं ठरवलं आणि माझ्या हातात पहिल्यांदा आली ती सुई. हत्यार खूप नंतर आलं. हे आधीच सांगते, कारण मध्ययुगीन युरोपातलं चिलखत म्हटलं की नखशिखान्त पोलादात बंद झालेला सरदार डोळ्यांपुढे येतो आणि रीएनॅक्टमेंट, म्हणजे जुनी लढाई त्या काळच्या वेशात पुन्हा उभी करायची, तर तसलं काहीतरी विकत घ्यायचं, असा समज होतो. पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रणात उभी असलेली बहुतेक माणसं तशी नव्हतीच. ती कापडात लढली. मला त्याच माणसांसारखं उभं राहायचं होतं.

नोकरीमुळे मी ग्लॉस्टरशायरमध्ये राहते. सेव्हर्न आणि एव्हन या नद्यांच्या संगमावरचं ट्यूक्सबरी इथून जवळ. उन्हाळ्यात या गावाच्या मुख्य रस्त्यांवर घराघरांवर रंगीत निशाणं लागतात. १४७१ च्या लढाईत जे सरदार लढले, त्यांची ती चिन्हं. ४ मे १४७१ ला गावाच्या दक्षिणेला इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क घराण्याचा राजा चौथा एडवर्ड आणि लँकेस्टर घराण्याच्या बाजूने लढणारी राणी मार्गारेट यांच्या फौजा भिडल्या. राणीचा सतरा वर्षांचा मुलगा, युवराज एडवर्ड मारला गेला. तिचा सेनापती ड्यूक ऑफ सॉमरसेट गावातल्या ॲबीत, म्हणजे मठाच्या मोठ्या चर्चमध्ये, आश्रयाला गेला होता. त्याला तिथून बाहेर काढून ६ मे रोजी त्याचा शिरच्छेद केला. लढाई मे महिन्यातली असली तरी ती पुन्हा उभी केली जाते जुलैत, एका शनिवार-रविवारी, त्याच परिसरातल्या कुरणांवर. देशोदेशीचे गट येतात, तंबू ठोकतात, चुली पेटवतात आणि दोन्ही दिवस दुपारी लढतात.

प्रेक्षक म्हणून हे पाहिल्यावर मी एका गटाकडे चौकशी केली. प्रत्येक गट त्या काळातल्या एखाद्या सरदाराचा लवाजमा म्हणून उभा राहतो. आमचा गट लँकेस्टरच्या बाजूचा, म्हणजे ट्यूक्सबरीत हरणारा. सदस्यत्वाच्या वर्गणीत विमाही येतो आणि विम्याशिवाय कोणाला मैदानात सोडत नाहीत. बाई म्हणून वेगळा नियम नाही. केस टोपीखाली बांधायचे, शिरस्त्राण चढवायचं, बाकी सगळ्यांना लागू तेच. पण सुरुवातीला हत्यार कोणालाच मिळत नाही. लढाई चालू असताना रांगांमागून पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरायचं, पडलेल्यांना आणि दमलेल्यांना पाणी पाजायचं, हे काम आधी. जुलैच्या उन्हात लोकर आणि लोखंड घातलेल्या माणसाला ते पाणी किती मोलाचं असतं, हे मी तिथे पाहिलं. कोण दमला की खांदे पाडतो, कोण दम लागला तरी पुढे रेटतो, कोणाला आता बाजूला न्यायला हवं, हे ओळखायची नजर मला त्या कामानेच दिली. कोणी थेट रांगेत यायची घाई करत असेल, तर मी त्याला हेच काम आधी मागून घ्यायला सांगेन.

कपड्यांची सुरुवात अंगाच्या कातडीपासून होते. लिननचा सदरा, त्यावर डब्लेट म्हणजे लोकरीचं घट्ट जाकीट, पायांत होज म्हणजे लोकरीचे लांब पायमोजे. होज कमरेला डब्लेटशीच दोऱ्यांनी बांधतात, त्या दोऱ्यांच्या टोकांना पितळी टोपणं असतात. पायांत उलटं शिवून मग सुलटं केलेले चामड्याचे जोडे. हंगामाच्या सुरुवातीला गटातले जाणते लोक एकेकाला उभं करून सगळं तपासतात. घड्याळ नको, चष्मा नको, बाहेर दिसणारी मशीनची शिवण नको. मी लेन्स वापरायला लागले आणि सगळ्या दिसणाऱ्या शिवणी हाताने घातल्या. या कडकपणाबद्दल काही जण कुरकुरतात, मला तो हवासा वाटतो. समोर बसलेलं दहा वर्षांचं पोर आपण जे घालू तेच खरं मानून घरी जाणार असतं.

आणि मग जॅक. साध्या सैनिकाचं खरं चिलखत हेच. कापडाचे थर एकावर एक ठेवून दाट टाक्यांनी शिवलेला जाड कोट. १४८३ मध्ये लंडनमध्ये असलेल्या दोमिनिको मान्चिनी या इटालियन माणसाने इंग्रज सैनिकांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. बऱ्या घरचे सोडले तर छातीवर लोखंड कोणी घालत नाही, बाकीचे मऊ भरावाचे, कमरेखालपर्यंत येणारे कोट घालतात. तो जितका मऊ तितका बाण आणि तलवार चांगली सोसतो, असं त्यांचं म्हणणं असल्याचंही त्याने नोंदवलं आहे. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या हुकमात तर थरांचा आकडाच आहे: कापडाच्या तीस, किमान पंचवीस घड्या आणि त्यावर हरणाचं एक कातडं. आमची हत्यारं बोथट असतात, त्यामुळे मी लिननचे बारा थर घेतले.

हे वाचताना माझ्या मनात लगेच गोधडी आली. आमच्या घरी आजीच्या हातच्या गोधड्या अजून वापरात आहेत आणि आईलाही ते येतं. व्हिडिओ कॉलवर कापड दाखवलं तर आई म्हणाली, "अगं, एकदम शिवायला बसू नकोस. आधी सगळे थर कच्च्या टाक्याने टाचून घे, हात फिरवून सुरकुती काढ, मग धावदोरा. आणि अंगुस्तान घाल, बोटाची चाळण होईल." तिला ते कशासाठी आहे हे सांगितल्यावर थोडा वेळ ती गप्प झाली. मग विचारलं, "म्हणजे याच्यावर कोणी मारणार आहे तुला?" मी हो म्हटलं. "मग टाके जवळ जवळ घाल," ती म्हणाली.

एका बाबतीत मात्र गोधडीची रीत इथे चालत नाही आणि हे गटातल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी शिकवलं. कोट अंगाभोवती वळतो. सगळे थर एकाच मापाने कापून सपाट शिवले, तर अंगावर चढवल्यावर आतले थर गोळा होऊन टोचतात. म्हणून आतला थर लहान, बाहेरचा प्रत्येक थर किंचित मोठा, आणि शिवताना कापड मांडीवर वळवून धरायचं. दोऱ्याला मधमाशीचं मेण. बाह्यांना थर कमी आणि त्या खांद्याला शिवायच्या नाहीत, दोऱ्यांनी बांधायच्या. काखेत फट राहिली तरच हात डोक्याच्या वर जातो. त्या फटीतून वार आत येऊ शकतो, हे खरंच आहे. पण हात न उचलता येणाऱ्या माणसाला कोट वाचवू शकत नाही. पूर्ण झालेला जॅक जमिनीवर ठेवला तर बराचसा स्वतःच्या आधाराने उभा राहतो, आणि घातल्यावर काही वेळाने अंगाची ऊब लागून अंगासारखा वळतो. अंगावर पहिला फटका घेतला तेव्हा आवाज झाला आणि धक्का पसरून गेला. हाडापर्यंत काही पोचलं नाही.

याच काळात कड्यांच्या चिलखताबद्दलही माझी समजूत बदलली. प्रतापगडाच्या भेटीला महाराज अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावर पगडीखाली लोखंडी टोप घालून गेले, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. कड्यांची जाळी हातात घेतल्यावर कळतं की ती धार अडवते, पण फटक्याचा जोर अडवत नाही. ती कापडासारखी लवते आणि जोर सरळ आत जातो. तो जोर मोडायचं काम तिच्याखालच्या जाड कापडाचं. आपल्याकडेही मखमलीवर खिळे ठोकून भरलेले, आतून जाड शिवलेले लढाईचे कोट होते. कापडाचं हे शहाणपण दोन्हीकडे होतं.

लोखंड मी कमी घेतलं: शिरस्त्राण, हनुवटी आणि गळा झाकणारा बेव्हर, आणि हातमोजे. पैसे कुठे घालायचे असं नवीन लोक विचारतात. डोक्यावर घाला, मग बोटांवर. १९९६ मध्ये यॉर्कशायरमधल्या टॉउटन इथे बांधकाम करताना १४६१ च्या लढाईतल्या मृतांचा खड्डा सापडला. तीसहून अधिक सांगाडे निघाले आणि त्यांच्यावरच्या बहुतेक जखमा डोक्याला होत्या. शिरस्त्राण हरवलेली, फेकलेली किंवा काढून घेतलेली ती माणसं असावीत. मी सॅलेट नावाचं शिरस्त्राण निवडलं, मागे मानेवर लांबट उतरणारं. कॉव्हेंट्रीला त्या काळातलं एक अस्सल सॅलेट आहे, ते बघून आले होते. माप घेताना आतली टोपी आणि अस्तर घालूनच डोकं मोजावं लागतं, कवटी आणि पोलाद यांच्यात मोकळी जागा राहायला हवी.

लीड्सचं रॉयल आर्मरीज संग्रहालय या कामात फार उपयोगी पडलं. तिथे आणखी एक गोष्ट पाहून मी कितीतरी वेळ उभी राहिले: भारतातून आलेलं हत्तीचं चिलखत. पत्रे आणि कड्या मिळून आज उरलेल्याचंच वजन ११८ किलो. ते कोणीतरी दररोज हत्तीवर चढवत आणि उतरवत असणार.

चढवणं हा स्वतंत्र विषय आहे. आमच्या गटप्रमुखाकडे पूर्ण पत्र्याचं चिलखत आहे, आणि त्याला तयार करायचं काम माझ्याकडे आलं. पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात पायी लढणाऱ्याला कसं सजवावं याची पायरीवार कृती दिली आहे आणि आम्ही तीच पाळतो. अंगात सदरा नको, भोकं पाडलेल्या सॅटिनचं अस्तर असलेला डब्लेट. चिलखत बांधायच्या दोऱ्या क्रॉसबोच्या, म्हणजे आडव्या धनुष्याच्या प्रत्यंचेला वापरतात तसल्या पक्क्या सुताच्या. गुडघ्याला घासू नये म्हणून पातळ ब्लँकेटच्या पट्ट्या. मग पायाकडून वर: आधी पावलं, नडग्या, मांड्या, मग कड्यांचा भाग, छाती, हात. शिरस्त्राण शेवटी. दोरी किती आवळायची ते घालणाऱ्याला कळत नाही, बांधणाऱ्याने बघावं लागतं. मांडीची पट्टी सैल राहिली तर सगळं वजन गुडघ्यावर येतं. बांधून झालं की मी त्याला बसवते, उठवते, हात वर करायला लावते, आणि मगच सोडते. अंगभर वाटलेलं वीस-पंचवीस किलो वजन नीट बांधलं असेल तर माणूस पळतो, पडतो आणि स्वतः उठतो.

मग बिलची परीक्षा. कुंपण छाटायच्या कोयत्यातून निघालेलं, ॲशच्या लांब दांड्यावर बसवलेलं हे हत्यार. आमच्या पात्यांच्या कडा जाड आणि गोल, टोकं बोथट. परीक्षक अनुभवी होते आणि त्यांनी मला आधी मारायला लावलंच नाही. थांबायचा हुकूम ऐकू येताच पातं जिथल्या तिथे थांबतं का, हे पाहिलं. मग पडून दाखवायला सांगितलं: हत्यार अंगाखाली न घेता, शेजाऱ्याच्या पायांत न येता. मग दुखापत झाल्याची हाक आली तर मी काय करते, ते. वार कुठे चालतात, कुठे नाहीत, हे प्रत्यक्ष दाखवावं लागलं. चेहऱ्याकडे टोचणं पूर्ण बंद. शेवटी समोर एक गडी उभा केला आणि वार जोरात निघून अंगाला लागेपर्यंत हलका होतो का, हे तपासलं. लांब दांड्याच्या टोकाचा जोर मागच्या हाताने आवरायचा असतो. हे जमवायला मी हिवाळाभर खपले, आणि पास झाले तेव्हा मला अतिशय आनंद झाला.

मैदानात सॅलेटच्या फटीतून समोरची एक पट्टी दिसते. खाली आपले पाय दिसत नाहीत, बाजूचा माणूस दिसत नाही, तो खांद्याला लागलेला जाणवतो. आमचे धनुर्धारी रबरी टोकांचे बाण उंच सोडतात, ते पत्र्यावर पडले की डोक्यात घुमतं. मग रांगा पुढे सरकतात, दांडे एकमेकांत अडकतात आणि नुसता रेटा उरतो. १४७१ मध्ये सॉमरसेट बाजूने वळसा घालून गेला आणि राजा एडवर्डने रानाजवळ दडवलेल्या दोनशे भालेकऱ्यांनी त्याच्यावर झडप घातली. तिथूनच पळापळ झाली. जिथे कत्तल झाली त्या शेताला आजही 'ब्लडी मेडो', रक्ताचं कुरण म्हणतात. बाजूने आरडाओरडा ऐकू येतो आणि मान वळवूनही काही दिसत नाही, तेव्हा ती रांग का मोडली असेल हे मला अंगातून कळलं. मी ठरल्याप्रमाणे पडले. गवतात पडल्या पडल्या दम परत यायला बराच वेळ लागला. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये पूर्ण चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवून मोजलं होतं: चालायला दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. पायांवरचं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं हे त्याचं मोठं कारण. माझ्या पायांत लोखंड नव्हतं, तरीही.

संध्याकाळी मी ॲबीत गेले. सॉमरसेट जिथे लपला होता ती ही जागा. युवराजाच्या स्मृतीची पितळी पट्टी तिथे जमिनीत आहे आणि वर छतावर यॉर्क घराण्याचं चिन्ह असलेला सूर्य कोरलेला. आतल्या एका दाराला मागून चिलखताचे पत्रे ठोकले आहेत, रणातून गोळा केलेल्या घोड्यांच्या चिलखताचे असावेत असं मानतात. दिवसभर पत्र्यात वावरल्यावर त्यांच्याकडे नुसतं जुनं लोखंड म्हणून बघताच येत नव्हतं.

हंगाम संपल्यावर काम थांबत नाही. घामाने लोखंडाला एका रात्रीत गंज चढतो, म्हणून घरी आल्या आल्या पुसून तेल लावायचं, जॅक सावलीत उलटा वाळवायचा. माझ्या जॅकचे खांदे झिजले आहेत, तिथे दोन थर वाढवायचे आहेत. गटात आलेल्या एका नव्या मुलीलाही हिवाळ्यात जॅक शिवायचा आहे. तिला मी लिनन आधी धुऊन आटवून घ्यायला सांगितलं आहे, आणि कापताना पाठीचं माप हात पुढे ताणून घ्यायला.