कन्नीची गाठ

रविवार, रात्र

मी बेतून विकलेल्या एका पतंगाच्या कन्नीवरची, म्हणजे दोरी जोडायच्या बांधणीवरची, गाठ तो विकत घेणाऱ्याने सहा मिलिमीटर खाली सरकवली आणि पतंग सुधारला, एवढेच घडले आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या लाँग बीचच्या पतंग महोत्सवाहून परतताना गाडीत मी फारशी बोलले नाही, तेव्हा ह्यांना वाटले की स्पर्धेतल्या बॅलेचे गुण मनाला लागले असतील. गुणांचे मला काही वाटलेले नाही. संगीतावर पतंग नाचवण्यात मी पहिल्यापासून मध्यम आहे आणि जजही ते वर्षानुवर्षे न चुकता कळवत आले आहेत. टोचते आहे ती गाठ, आणि एवढ्याशा गाठीने टोचावे याचा वेगळा राग आहे, म्हणून लिहायला बसले.

प्रत्येक पतंग शिवून झाला की कन्नीच्या दोन्ही बाजूंना मी काळ्या शाईची बारीक रेघ ओढते. उडवण्याची दोरी नेमकी तिथे जोडायची, एवढाच तिचा अर्थ. दोन दोऱ्यांच्या पतंगाला डावी आणि उजवी अशा दोन कन्न्या असतात, प्रत्येकीला तीन पाय, म्हणजे पतंगाला बांधलेले तीन दोरे, असतात, आणि दोरी जिथे जोडली जाते ती गाठ वर नाकाकडे सरकवली तर पतंग वाऱ्याला कमी अडतो, पुढे पळतो, हलक्या झुळकीतही तग धरतो. खाली शेपटाकडे सरकवली तर हाताला ओढ वाढते, वळण आखूड होते आणि नाक मागे कलायला तयार असते. या दोन टोकांमध्ये बोटाच्या पेराएवढेही अंतर नसते, पण पतंगाचा सारा स्वभाव तिथेच ठरतो. ही रेघ कुठे यावी हे ठरवण्यासाठी मी सिॲटलच्या मॅग्नसन पार्कमधल्या काइट हिलवर एक अख्खा वसंत आणि पुढचा बराचसा उन्हाळा घालवला होता. कामावरून सुटले की तिथे जायचे, गाठ केसभर हलवायची, जमिनीलगत एक आडवी सरळ रेघ उडवायची, चौकोनाचे चार कोपरे मारायचे, पतंग उतरवायचा आणि पुन्हा गाठ हलवायची. ज्या जागी पतंग कोपऱ्यावर वळल्यावर जराही डोके न हलवता सरळ निघाला, त्या जागी मी शाई लावली. ती रेघ म्हणजे माझी सही आहे असे मी कधी कोणाला म्हटलेले नाही. पण पतंगावर दुसरीकडे कुठेही माझे नाव नाही, हेही खरे.

शनिवारी स्पर्धा आटोपल्यावर, महोत्सवाची गर्दी जिथे विरळ होते त्या टोकाला, तो सराव करत होता. समुद्रावरचा वारा एकसारखा होता. त्याने पतंग वर चढवला, दोन्ही हातांनी क्षणभर ढील दिली आणि पतंग उताणा होऊन, नाक त्याच्याकडे करून, हवेत पडून राहिला. याला फेड म्हणतात. तिथून त्याने एका दोरीला मनगटाचा हलका झटका दिला, तशी पतंगाने उताण्यानेच सावकाश चक्कर घेतली आणि तो पुन्हा फेडमध्ये येऊन थांबला. मग दुसरी चक्कर, मग तिसरी, उंची जवळजवळ न गमावता. हे बॅकस्पिन. मी बेतलेला पतंग ते करताना मी प्रथमच पाहत होते. तो मी प्रिसिजनसाठी, म्हणजे नेमून दिलेल्या आकृत्या अचूक काढण्याच्या स्पर्धेसाठी, बेतला होता, आणि ज्या पतंगाकडून सरळ रेघा हव्यात त्याच्याकडे मी बॅकस्पिन कधी मागितलेच नव्हते.

उडवून पाहता का, असे विचारून त्याने दोऱ्यांच्या टोकांचे हातात धरायचे पट्टे माझ्या हातात दिले. मी माझा जुना चौकोन उडवला. कोपरे पूर्वीपेक्षा कोरदार निघाले. खरा सल हाच आहे. बॅकस्पिनच्या बदल्यात कोपऱ्यांची किंमत मोजावी लागली असती, तर मी मनात त्याला माफ करून सुखाने झोपले असते. पतंग उतरवल्यावर कन्नी पाहिली, तर माझी रेघ उघडी पडलेली होती आणि गाठ तिच्या खाली बसलेली होती. मी बघते आहे हे त्याच्या लक्षात आले, तेव्हा तो म्हणाला की थोडी सरकवली आहे, चालेल ना. चालेल ना म्हणजे काय? पतंगाचे पैसे त्याने केव्हाच दिलेले आहेत.

गाडीत मी स्वतःची समजूत घातली ती अशी. काइट हिलवरचा वारा तळ्यावरून झाडांना वळसे घालून येतो, त्यात दम नसतो आणि भरवसाही नसतो, म्हणून तिथे गाठ वरच बसणार. समुद्रकिनाऱ्यावर वारा अखंड मिळतो, म्हणून तिथे ती खाली नेता येते. ही समजूत शास्त्राला धरून आहे. पण लाँग बीचला मी दर ऑगस्टमध्ये जाते, त्याच वाळूवर त्याच वाऱ्यात उभी राहते, आणि माझा हात त्या गाठीकडे एकदाही गेला नाही. रेघ मीच मारली होती, म्हणून गेला नसावा.

मग बाकीचे सगळे आठवू लागले, जसे अशा वेळी आठवतेच. मैदानात उतरायचे, 'इन' म्हणून ओरडायचे, जजांनी आधी नेमून दिलेल्या आकृत्या त्यांच्यासमोर वाऱ्यावर काढायच्या, 'आउट' म्हणून ओरडायचे आणि गुणपत्रिकेची वाट पाहायची, हे मी वयाच्या ज्या टप्प्यावर सुरू केले तिथे इतर बायका गुडघ्यांविषयी बोलू लागतात. रात्री शिवणयंत्रावर रिपस्टॉप या पतंगाच्या कापडाच्या पट्ट्या झिगझॅग टाक्याने जोडायच्या, कार्बनच्या नळ्या कापायच्या, आणि विक्रीतून जे येते त्यात पुढच्या कापडाचा खर्च निघाला की वर्ष चांगले गेले म्हणायचे. याला कारकीर्द म्हणावे का, असे बहिणीने एकदा विचारले होते. त्या संभाषणाविषयी इथे लिहिणार नाही.

लोकांच्या लक्षात राहतो तो उडवणारा. व्हँकूव्हरच्या व्हेनियर पार्कमध्ये रे बेथेल एकटे तीन पतंग एकाच वेळी उडवत, दोन्ही हातांत एकेक आणि तिसरा कमरेला. ऐंशी ओलांडल्यावरही उडवत असत. त्यांच्या चित्रफिती मी इतक्या पाहिल्या आहेत की त्यांची पावले मला पाठ आहेत. पण ते तीन पतंग कोणी आखले, कोणी शिवले, तिघांच्या कन्न्या एकसारख्या कोणी जुळवल्या, हे विचारायचे मला कधी सुचले नाही. मला, जी स्वतः पतंग बेतते. पीटर पॉवेल यांचे नाव मात्र राहिले. 1972 मध्ये इंग्लंडात त्यांनी दोन दोऱ्यांचा पतंग तयार केला आणि पुढच्या काही वर्षांत तो घराघरांत नेला, पण त्यांचे नावच पतंगाचे नाव होते, तेव्हा ते विसरायची सोय नव्हती. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बर यांनी अमेरिकन नौदलाच्या तोफचींना नेमबाजीच्या सरावासाठी सुकाणू लावलेला, दोन दोऱ्यांनी वळवता येणारा पतंग करून दिला होता. त्यावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवलेली असे आणि त्याचा उपयोग गोळ्या खाण्यापुरता होता, त्यामुळे आपली गाठ कोणी सरकवली, असा प्रश्न गार्बर यांना पडला नसावा. आणि ज्या मऊ त्रिकोणी पंखाचे आम्ही सगळे वारस, तो 1948 मध्ये फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या जोडप्याने घरातल्या स्वयंपाकघराच्या पडद्याचे कापड घेऊन केला. पंखाला नाव आडनावाचे लागले आणि शिवण गर्ट्रूड यांची होती. त्यावरही आज नको.

आमच्या येवल्याच्या घरात पैठणीचे माग होते. महिनोन्‌महिने विणलेली पैठणी एकदा दाराबाहेर गेली की ती कोण नेसले आणि कशी नेसले, हे आजोबांना कधी कळतही नसे, आणि त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे आठवत नाही. हा दाखला मला गाडीतच सुचला आणि फार सोयीचा वाटला, म्हणूनच त्यावर माझा विश्वास नाही. पैठणीचा काठ उसवून सहा मिलिमीटर खाली कोणी लावत नाही.

आज सकाळी नानांचा फोन आला. त्यांना दोन दोऱ्यांच्या पतंगाचे अजून नीटसे पटलेले नाही. ज्या पतंगाने दुसऱ्याचा पतंग कापायचा नाही, तो एवढा महागाचा कशाला करायचा, हा त्यांचा मूळ आक्षेप आहे. दोऱ्यांना पाचसहा पीळ पडले तरी डायनीमाचा धागा गुळगुळीत असल्यामुळे त्या एकमेकींवरून सरकत राहतात आणि पतंग वळवता येतो, हे मी सांगते तेव्हा ते "बरं बरं" म्हणतात. आज मात्र त्यांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कन्नी तू कशाला बांधून दिलीस?"

मी म्हटले, "नाना, इथे पतंग कन्नीसकटच विकतात."

"मग चुकतंच ते. अगं, दुकानातून पतंग आणला की कन्नी ज्याची त्यानेच बांधायची. पतंग करणाऱ्याला काय माहीत, कोण कुठल्या गच्चीवर उभा राहणार आहे?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. नाना म्हणतात ते अक्षरशः खरे आहे आणि मी ते लहानपणापासून पाहिलेले आहे. भोगीच्या आदल्या रात्री घरात पतंगांचा गठ्ठा यायचा, त्यात एकाही पतंगाला कन्नी नसायची. दादा कमान आणि दांडा जिथे एकमेकांवर येतात तिथे भोके पाडायचा, खालचे भोक बोटांनी मोजून घ्यायचा, दोरा ओवायचा, मग पतंग गाठीवर टांगून तो कुठे कलतो ते दिव्याच्या उजेडात बघायचा. काका तोच पतंग त्याच्याकडून घेऊन गाठ सोडायचे आणि आपल्या हाताने बांधायचे. कटलेला पतंग तर ज्याने पकडला त्याचाच. तो आधी जुनी कन्नी सोडून टाकायचा आणि आपली बांधायचा, आणि मूळ मालक शेजारच्या गच्चीवरून हे उघड्या डोळ्यांनी पाहत असूनही काही बोलायचा नाही. पतंग त्यांच्या हातात असायचे आणि आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, माझ्या हातात, हा वेगळा विषय आहे आणि तो सुरू केला तर रात्र पुरणार नाही. पण कन्नी कशी बांधतात हे मी आसारी धरूनच शिकले. म्हणजे मी गेली कित्येक वर्षे लोकांच्या कन्न्या त्यांच्याऐवजी बांधून देते आहे आणि त्यांनी त्या सोडू नयेत म्हणून वर शाई लावते आहे. हे लक्षात आल्यावर मला एकटीलाच हसू आले. ह्यांनी बाहेरून विचारले, काय झाले. काही नाही, म्हटले.

या खेळातही तसे काही नवीन नाही. फेड, बॅकस्पिन, दोऱ्या अंगाभोवती गुंडाळून घेऊन पुन्हा सोडणारा यो-यो, या करामती ज्या पतंगांवर पहिल्यांदा निघाल्या ते त्यांच्यासाठी बेतलेले नव्हतेच. ते पळण्यासाठी आणि ओढण्यासाठी होते. उडवणाऱ्यांनी दोऱ्या ढिल्या सोडून पाहिल्या, पतंग कोलमडला, आणि त्या कोलमडण्यालाच त्यांनी वळण लावले. मग बेतणारे मागून धावले. कोणी नाकाचा कोन बदलला, कोणी कन्नीचे पाय बदलले, कोणी शेपटाशी काही ग्रॅम वजन चढवले. आता त्या सगळ्याला आम्ही आखणी म्हणतो.

दुपारी त्याचा निरोप आला की पतंग वाळूवर नाकावर आपटला आणि खालची एक आडवी नळी चिरली आहे, जादा असेल तर पाठवाल का. मी संधी साधून विचारले की गाठ रेघेपासून नक्की किती खाली आहे, ते मोजून कळव. उत्तर आले की मोजलेले नाही, शनिवारी दिवसभरात ती दोनतीनदा हलवली होती आणि आता सोडूनच ठेवली आहे. सहा मिलिमीटर हे माझ्या नजरेचे माप होते आणि त्या गाठीची तेवढ्या तासापुरती जागा होती. मी मात्र दोन दिवस तेच माप घेऊन बसले आहे.

मेजावर पुढच्या पतंगांचे कापड कापून पडले आहे. रेघ मारणे बंद करावे असे तासभर वाटले, पण ते शक्य नाही. डावी आणि उजवी गाठ एकसारखी हलवायची तर दोन्हीकडे मोजायला एक खूण लागतेच, नाहीतर पतंग एका अंगाला ओढू लागतो. तेव्हा रेघ राहील. सोबतच्या कागदावरचे "गाठ रेघेवरच ठेवावी" हे वाक्य काढून तिथे "रेघेपासून मोजावे" असे लिहिले आहे, आणि ते लिहितानाही जरा जिवावर आलेच.

नळी उद्या पाठवते. टपालखर्च मात्र त्याच्याकडून घेणार आहे.