मोटारीची नेमप्लेट आणि इंग्रजीचा तास

मी आयटीआयत इंग्रजी शिकवतो. शिक्षकांच्या कुठल्याही प्रशिक्षणाला जा, बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर भेटतातच. १९८३ साली त्यांनी सात बुद्धिमत्ता मांडल्या, पुढे निसर्गाची आठवी आली. मग आमच्यापुढे तक्ता येतो: भाषिक कोण, तार्किक कोण, भरा. आयटीआयची पोरं म्हटल्यावर सगळ्यांपुढे 'शारीरिक'वर टिक. झालं काम!

मला हे पटत नाही. बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे खुद्द गार्डनरनीच स्पष्ट केलंय. पण शिक्का सोयीचा. 'हा हातानं शिकणारा' म्हटलं की त्याला वाचायला न देण्याची मोकळीक मिळते.

मला कामाचे वाटले ते दुसरे मानसशास्त्रज्ञ, रॉबर्ट स्टर्नबर्ग. १९८५ मध्ये त्यांनी बुद्धीचे तीन पैलू सांगितले: विश्लेषक, सर्जनशील आणि व्यावहारिक. आमच्याकडे तिसऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

इलेक्ट्रिशियनच्या बॅचला मी धड्याऐवजी विजेच्या मोटारीची नेमप्लेट, म्हणजे तिच्यावरची माहितीची पट्टी, फळ्यावर उतरवून दिली. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम, डेल्टा. धडा वाचताना मान वर न करणारा एक जण लगेच म्हणाला, "सर, चार पोलची आहे."

"कशावरून रे?"

"५० हर्ट्झला चार पोलचा सिंक्रोनस स्पीड १५००. उरलेले साठ स्लिपमध्ये गेले." (सिंक्रोनस स्पीड म्हणजे मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र फिरतं तो वेग; मोटार त्याहून जेवढी मागे पडते ती स्लिप.)

अख्खा तर्क इंग्रजी शब्दांवर उभा, मराठी फक्त सांधायला. ते सांधे बदलणं एवढंच माझं काम उरलं.

मग फॉल्ट रिपोर्ट लिहून घेतले. "मोटर हमिंग, नॉट स्टार्टिंग, वन फेज मिसिंग." व्याकरणाचे मार्क कापणारे कापोत, शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला एवढं पुरतं. गाडी अडते ती पुढे. हेच फेज-बिज न कळणाऱ्या ग्राहकाला फोनवर इंग्रजीत सांग म्हटलं की सगळे गप्प. स्टर्नबर्ग यांचा सर्जनशील पैलू इथे लागतो, आणि माझे बरेचसे तास आता यातच जातात. परीक्षा मात्र पर्याय निवडायची, तिच्यात यातलं काही दिसत नाही.

आता वेल्डरची बॅच. तिथे इलेक्ट्रोडच्या, म्हणजे वेल्डिंगच्या रॉडच्या, पाकिटावरचा मजकूर घ्यायचा विचार आहे. ई ६०१३ या रॉडच्या कोडमधला '१' म्हणजे रॉड सगळ्या पोझिशनला चालतो, इतपत मला कळलंय. बाकीचं विचारायला उद्या जेवणाच्या सुट्टीत वेल्डिंगच्या निदेशकांकडे डबा घेऊन बसणार आहे.