दिल्लीहून आलेला काटा

१५० ग्रॅमची सोन्याची लगड खालच्या पेढीवर १५०.००० भरली. तीच लगड जिना चढून वरच्या कारखान्यात नेली, तर काटा १४९.९२३ दाखवत होता. सोन्याला अजून कानसही लागली नव्हती.

झवेरी बाजारातल्या या कारखान्यात सोनं द्यायचं खालच्या काट्यावर आणि तयार माल जमा करून घ्यायचा वरच्या नव्या काट्यावर, अशी पद्धत होती. घडवताना झिजणाऱ्या सोन्याची ठरलेली घट वजा केली तरी तीन आठवडे कारागिराच्या नावे थोडी थोडी तूट निघत होती. २०० ग्रॅममागे जवळपास एक गुंज, म्हणजे साधारण दशांश ग्रॅम. "माणूस जुना आहे हो, पण हिशेब बसत नाही," शेठ म्हणाले. काटा तपासायला मला बोलावलं होतं खरं, पण संशय कुणावर होता ते कळत होतं. म्हणून मी आधी कोरी लगड मागवली आणि सगळ्यांसमोर दोन्हीकडे तोलली.

जिन्यामुळे फरक पडतो का, असं कुणीतरी विचारलं. पडतो, पण किती? वर जाऊ तसं गुरुत्वीय त्वरण दर मीटरला साधारण ३ मायक्रोमीटर प्रति सेकंद वर्ग इतकं घटतं. ३ मीटरच्या एका मजल्याने १५० ग्रॅमवर ०.१४ मिलिग्रॅम कमी होईल. १ मिलिग्रॅमच्या काट्याला ते दिसणारही नाही. इथे तर ७७ मिलिग्रॅम गायब होते.

मग नेहमीच्या क्रमाने लागलो. पंखा बंद, काचेची दारं लावलेली. पाणसळीचा बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध. काटा कलल्याने एवढा फरक पडायला तो जवळपास दोन अंश कलायला हवा, आणि तेवढ्यात बुडबुडा केव्हाच कडेला जाऊन चिकटला असता. काटा सकाळपासून चालू, म्हणजे तापायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मिळालेला. शून्य स्थिर. १०० ग्रॅमचं वजन मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत ठेवलं, आकडा हलला नाही.

शेवटी एफ-१ वर्गाची, म्हणजे काटे तपासायची अचूक वजनं चिमट्याने ठेवत गेलो. या वर्गात २०० ग्रॅमच्या वजनाला १ मिलिग्रॅमची मुभा असते, त्यामुळे शंका वजनावर जाऊ शकत नव्हती.

५० ला ४९.९७४. १०० ला ९९.९४९. २०० ला १९९.८९८.

हे तीन आकडे पाहिल्यावर मला पुढे फारसं शोधावं लागलं नाही. कचरा अडकला असता किंवा शून्य सरकला असता, तर तूट अशी वजनाच्या प्रमाणात आली नसती. इथे ती सगळीकडे दर हजारी अर्धा, शिस्तीत. माणूस सोनं काढतो तेव्हा असा हिशेब ठेवून काढत नाही. "काटा आणला कुठून?" मी विचारलं. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे काटा प्रमाण वजनांशी जुळवल्याच्या दाखल्यावर ठिकाण होतं दिल्ली. मुंबईत आल्यावर तो खोक्यातून काढून थेट टेबलावर ठेवलेला.

इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमान मोजतच नाही. अशा बारीक काट्यात पारड्याखाली चुंबकाच्या क्षेत्रात एक कॉइल असते. पारडं खाली दबलं की ते जागेवर धरायला कॉइलमध्ये वीज वाढवावी लागते आणि काटा ती वीज मोजतो. म्हणजे मोजलं जातं पृथ्वीचं ओढणं. त्याचे ग्रॅम करायला आत एक गुणक साठवलेला असतो आणि तो जिथे कॅलिब्रेशन झालं तिथलाच असतो. दिल्लीत गुरुत्वीय त्वरण साधारण ९.७९१ मीटर प्रति सेकंद वर्ग, मुंबईत ९.७८६. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे आणि तिच्या फिरण्याचा परिणामही तिथेच सर्वांत जास्त, म्हणून दक्षिणेकडे येताना ओढ कमी होते. मुंबई समुद्रकाठी आहे, दिल्ली दोनशे मीटर उंच. या उंचीने दिल्लीची ओढ किंचित कमी होते खरी, पण अक्षांशाचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा. ९.७८६ ला ९.७९१ ने भागून २०० ने गुणा, उत्तर १९९.८९८ येतं. शाळेत हा धडा चंद्राचं उदाहरण देऊन शिकवतात. इथे तो दिल्ली-मुंबई प्रवासातच आला होता.

आकडेमोड शेठना पटत होती, तरी कारागिरासाठी डोळ्यांना दिसेल असं काही हवं होतं. पेढीवर काचेच्या पेटीत जुना ताजवा होता. एका पारड्यात लगड, दुसऱ्यात १०० आणि ५० ची वजनं ठेवली. दांडीवरची जीभ, म्हणजे तोल दाखवणारी सुई, थरथरली आणि मधोमध थांबली. ताजव्यात ओढ दोन्ही बाजूंना सारखीच कमी होते, म्हणून त्यात दिल्लीत तोला की मुंबईत, निकाल एकच. सोनं पुरतं १५० ग्रॅम होतं. कारागीर बराच वेळ त्या जिभेकडे बघत राहिला.

दुरुस्ती सोपी आहे, पण नियमातून करायची. काट्याचं कॅलिब्रेशन सीलखाली असतं. ते परवानाधारक दुरुस्तकानेच उघडायचं आणि वैधमापन निरीक्षकाने पुन्हा पडताळून शिक्का मारेपर्यंत त्या काट्यावर व्यवहार करायचा नाही. माझ्याकडे परवाना होता, सील उघडलं. पारडं रिकामं, कॅलिब्रेशनचं 'कॅल' बटण दाबून धरलं, पडद्यावर २०० लुकलुकायला लागलं. वजन ठेवलं, आकडा स्थिरावला, वजन उचललं. नंतर २०० ला २००.०००, ५० ला ५०.०००. अशा काट्याला २०० ग्रॅमवर पडताळणीत जेवढी मुभा असते, आधीची चूक तिच्या कितीतरी पट होती. मग काट्यावर कापड टाकलं आणि शिक्का मिळेपर्यंत जमाही खालच्याच काट्यावर घ्यायला सांगितलं. नाशिक-पुण्याच्या शाखेत काटा हलवला, तर हेच सगळं पुन्हा करायचं, हेही सांगून ठेवलं.

राहिली वही. वरच्या काट्यावर घेतलेल्या प्रत्येक जमेला १.००५१ ने नाही, १.०००५१ ने गुणायचं, म्हणजे १०० ग्रॅममागे ५१ मिलिग्रॅम वाढवायचे. एक शून्य कमी पडलं तर उलटा घोटाळा होतो, म्हणून मी ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. तीन आठवड्यांच्या नोंदी आम्ही तिघांनी बसून सुधारल्या. ठरलेल्या घटीपलीकडे कारागिराच्या नावे काही उरलं नाही आणि शेठनी त्याच्यासमोरच त्या तुटीच्या ओळी लाल शाईने खोडल्या.