शेकडा साडेतीन

कोजागिरीच्या रात्री कर्वेनगरच्या खोलीवर बसून मी क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट पहिल्यांदा पूर्ण वाचलं. तोवर माझी नजर एकाच ओळीवर जायची, किमान देय रक्कम ४,२०० रुपये. तेवढे भरले की महिना सुटला असं वाटायचं. त्या रात्री वरची ओळ वाचली. एकूण थकबाकी ८४,०००.

एवढं झालं कशानं? खोलीचं डिपॉझिट भरून हात रिकामा झाला, म्हणून तीन महिने किराणा, मेस, पेट्रोल सगळं कार्डावर गेलं. गाडीच्या इंजिनाचं काम ११,०००. मावसबहिणीच्या लग्नासाठी लक्ष्मी रस्त्यावरून घेतलेली साडी १४,०००. ती परवडणारी नाही हे दुकानात बसले होते तेव्हाही मला कळत होतं. पुढे थोडं थोडं करत आकडा फुगत गेला.

वहीत हिशेब मांडला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,९४०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी ५२९. म्हणजे माझ्या ४,२०० मधून मुद्दल फिटत होतं फक्त ७३१ रुपये. शिवाय बिल पूर्ण न भरल्यामुळे नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नव्हती. सकाळी भरलेल्या पेट्रोलवर त्याच दिवसापासून व्याज सुरू.

आणि मला सर्वांत जास्त लागलं ते पुढचं. याच काळात माझी आरडी, म्हणजे दरमहा ५,००० भरायची आवर्ती ठेव, चालू होती. अकरा हप्ते झाले होते, एकही चुकला नव्हता. लॅबमधल्या मैत्रिणींना मी अभिमानाने सांगायचे की पगार २९,००० असूनही मी बचत करते. आरडीवर साडेसहा टक्के मिळत होते, वर्षाला. कार्डावर बेचाळीस जात होते.

दुसऱ्या दिवशी अण्णांना फोन केला. सांगायला जीभ रेटत नव्हती. आमची वाईजवळ अडीच एकर शेती. दरवर्षी गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज असतं आणि अण्णा ते ३१ मार्चच्या आत भरतात म्हणजे भरतातच, कारण तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं की व्याजाची सवलत मिळून ते बिनव्याजी पडतं. लहानपणापासून हे बघत आले, आणि पुण्यात येऊन मी हे करून बसले होते.

अण्णा रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "शेकडा किती पडतंय?"

"साडेतीन."

"वर्साला?"

"नाही अण्णा, महिन्याला."

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही तर सावकारी झाली की गं. आरडी मोड उद्याच."

टक्क्यांचे आकडे मी दोन वर्षं मोबाईलवर बघत होते. शेकडा म्हटल्यावर पोटात खड्डा पडला. गावात त्या दराने पैसे उचललेल्या घरांचं काय झालं ते मला माहीत आहे.

आरडी मोडली. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याज थोडं कमी मिळालं, तरी साडेछप्पन हजार हातात आले. तसेच्या तसे कार्डावर भरले. कार्ड आईच्या कपाटात ठेवून आले. उरलेले साडेसत्तावीस हजार महिन्याला ७,००० प्रमाणे फेडायचे ठरवलं. डिसेंबर फार ओढाताणीचा गेला. मैत्रिणी महाबळेश्वरला गेल्या, मी गेले नाही, आणि का नाही ते त्यांना खरं सांगितलं. त्यातली एक रात्री माझ्याकडे आली आणि स्वतःच्या कार्डाचं स्टेटमेंट माझ्यासमोर उघडून बसली.

मार्चमध्ये शेवटचे अडीच हजारांच्या वर थोडे भरले. त्याच आठवड्यात अण्णांचा फोन आला, "सोसायटी भरली. तुझं?" "फिटलं, अण्णा."

एप्रिलपासून पगाराच्या दुसऱ्या दिवशी ६,००० वेगळ्या खात्यात जातात. त्या खात्याचं एटीएम कार्डच घेतलेलं नाही. माझा महिन्याचा खर्च १८,०००, त्यामुळे पहिलं ठरवलेलं उद्दिष्ट तीन महिन्यांचं, ५४,०००. गाडीचं इंजिन पुन्हा बसलं, तर पैसे तिथून निघतील. आज त्यात २४,००० आहेत.